चौथीतल्या मुलाला विज्ञान प्रदर्शनात बोलायला कसं तयार करायचं? पाठ केलेलं सगळं विसरतो

प्रश्न असा आलाय की मुलगा चौथीत आहे, शाळेत पंधरा दिवसांनी सायन्स एक्झिबिशन आहे, ज्वालामुखीचं मॉडेल करायचं ठरलंय, आईने इंग्लिशमध्ये दीड पानाचं भाषण लिहून दिलंय, घरी सगळं घडाघडा म्हणतो पण समोर कोणी नवीन माणूस आलं की तोंडाला कुलूप. काय करावं?

ताई, आधी ते दीड पान बाजूला ठेवा. फाडा म्हणत नाही, तुम्ही मेहनतीने लिहिलंय, पण त्याच्या हातात देऊ नका.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत २६ वर्षं शिकवलं, आणि रिटायर झाल्यावर आजूबाजूच्या शाळा परीक्षक म्हणून बोलावतात तिकडे जाते, मराठी मिडीयम इंग्लिश मिडीयम दोन्ही. दर डिसेंबर-जानेवारीत अशी शेकडो टेबलं बघते. आणि सांगते, मूल गप्प बसतं ते लाजाळू असतं म्हणून फार कमी वेळा, बहुतेक वेळा त्याच्याकडे सांगायला स्वतःचं काही नसतंच. मॉडेल बाबांनी केलेलं, चार्ट दुकानातून प्रिंट केलेला, भाषण आईचं. मग ते बिचारं दुसऱ्याचं सामान सांभाळल्यासारखं टेबलामागे उभं राहतं. त्यालाच विचारा आजीच्या गावाला काय काय केलं, किंवा सायकलवरून कसा पडला, थांबवावं लागतं की नाही बघा.

ही चूक मी स्वतः केलेली आहे म्हणून एवढं ठामपणे सांगतेय. नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी वर्गातल्या एका हुशार मुलाला पाणी गाळण्याच्या मॉडेलवर भाषण लिहून दिलं, आदरणीय परीक्षक महोदय वगैरे सगळं त्यात, आणि रोज मधल्या सुट्टीत त्याच्याकडून म्हणवून घेतलं. प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षकांनी मधेच विचारलं, वाळू वर का घातली रे, कोळसा वर का नाही? तो थांबला, माझ्याकडे बघितलं, आणि परत पहिल्यापासून सुरू केलं, आदरणीय परीक्षक महोदय. त्यांनी परत थांबवलं, त्याने परत पहिल्यापासून. तिसऱ्या वेळेला त्याचा आवाज रडवेला झाला. ती वाळू त्यानेच ओढ्यावरून आणून चार वेळा धुतली होती, वाळू आधी नाही धुतली तर उलट पाणीच गढूळ होतं हे त्याला पक्कं माहीत होतं, पण ते माझ्या भाषणात नव्हतं ना! त्या दिवसापासून भाषण लिहून देणं बंद.

आता ज्वालामुखीचं. खरं सांगू, एका प्रदर्शनात पाच-पाच ज्वालामुखी असतात. त्यात वाईट काही नाही, मुलांना मजा येते, पण त्यात प्रयोग कुठाय? खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो आणि फेस वर येतो, बस. खरा ज्वालामुखी असा होतच नाही, तिथे जमिनीच्या पोटातला वितळलेला खडक असतो आणि त्यात अडकलेले वायू त्याला वर ढकलतात. पण अर्धी मुलं मला सांगतात की ज्वालामुखीत सोडा असतो. तुमच्या मुलाला सोडा-व्हिनेगरच करायचं असेल, त्याचं मन मोडू नका, फक्त तो मातीचा डोंगर काढून टाका आणि त्या जागी छोटी बाटली आणि फुगा आणा. बाटलीत दर वेळी व्हिनेगर तेवढंच, समजा अर्धी वाटी, आणि फुग्यात सोडा कधी पाव चमचा, कधी अर्धा, कधी एक, कधी दोन. फुगा बाटलीच्या तोंडावर चढवायचा आणि मग उचलून सोडा आत पाडायचा. फुगा किती फुगला ते दोऱ्याने मोजायचं, दोरा कापून वहीत चिकटवायचा. आता त्याला विचारा, दोन चमच्याला फुगा एकच्या दुप्पट होईल का? तो हो म्हणेल, सगळेच म्हणतात. आणि तसं होत नाही, एका टप्प्यानंतर सोडा कितीही घाला फुगा तेवढाच राहतो, कारण व्हिनेगर संपलेलं असतं. हे जेव्हा त्याला स्वतःच्या डोळ्याने दिसेल ना, तेव्हा त्याला बोलायला शिकवायची गरज राहणार नाही, घरी आलेल्या दूधवाल्याला पण सांगेल. (बाटलीला घट्ट झाकण कधीही लावायचं नाही हां, फुगाच लावायचा. झाकण लावलेली बाटली फुटू शकते.)

म्हणजे माझं म्हणणं एवढंच की बोलण्याची तयारी ही शेवटच्या दोन दिवसांची गोष्ट नाहीये, प्रयोग करतानाच ती होते. आणि त्यासाठी एक साधी वही लागते. फेअर वही नको, रफच, चहाचे डाग पडलेली चालेल. त्यात रोज दोन ओळी त्याच्या हाताने, त्याच्या भाषेत. "आज काहीच झालं नाही" हे पण लिहायचं. मी टेबलावर गेले की आधी ती वही मागते, चार्ट नंतर बघते. वहीत खाडाखोड असेल, एखादा आकडा खोडून दुसरा लिहिला असेल तर मला कळतं की मुलाने खरंच केलंय.

या वयाला कुठले प्रयोग बोलायला सोपे जातात ते सांगते, कारण निम्मं यश निवडीत आहे.

माझा सगळ्यात आवडता म्हणजे मूग. रात्रभर भिजवायचे, मग दोन झाकणांत ओला कापूस, प्रत्येकात दहा दहा मूग, एक झाकण खिडकीजवळ उजेडात आणि एक बंद खोक्यात. दोन्हीला रोज पाणी सारखंच, चमच्याने मोजून. सुरुवात करायच्या आधी मुलाला वहीत लिहायला लावा की काय होईल. बहुतेक मुलं लिहितात अंधारातले उगवणारच नाहीत, किंवा छोटे राहतील. आणि सहा-सात दिवसांनी खोकं उघडलं की अंधारातले उंच! पण पिवळट, लुळे, मान टाकलेले. उजेडातले बुटके पण हिरवेगार आणि ताठ. कारण तेव्हा सांगायचं, आधी नाही, की बीमध्ये साठवलेलं अन्न असतं, अंधारातलं रोप ते सगळं उंच व्हायला वापरतं, उजेड कुठे मिळतो का ते शोधत. ते अन्न संपलं की कोलमडतं. एका वर्षी तिसरीतली एक मुलगी मला म्हणाली, बाई ते घाबरून पळत होतं वर. बरोबरच की! यापेक्षा चांगलं मी काय सांगणार होते.

आणि दहा दहा का घ्यायचे, एकेकच का नाही, हे त्याला जरूर विचारा. एकच बी घेतलं आणि ते किडकं निघालं तर? हे नऊ वर्षाच्या पोराला लगेच कळतं, त्यासाठी मोठे शब्द लागत नाहीत. तसंच "एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं" हे पण कळतं, मुलं क्रिकेट खेळताना एवढी भांडतात ना, त्याची बॅट मोठी आहे, त्याने पुढून बॉल टाकला, चीटिंग आहे, तेच आहे हे. मी वर्गात हाच शब्द वापरायचे, आपल्या प्रयोगात चीटिंग कुठे झालीये ते शोधा. खिडकीतला कापूस उन्हाने लवकर वाळतो, खोक्यातला ओलाच राहतो, म्हणजे पाणी सारखं कुठे राहिलं? हे एखाद्या मुलाने स्वतःहून सांगितलं तर मी त्याला पहिल्या तिनात घेते, मग चार्टवर चित्र कसंही असू दे.

थंडीत दही पण भारी. तीन वाट्या, सारखंच कोमट दूध, सारखंच अर्धा चमचा विरजण. एक ओट्यावर, एक फ्रिजमध्ये, एक शाल गुंडाळून किंवा पिठाच्या डब्यात. सकाळी चमचा घालून बघायचं. आजी थंडीत विरजण का गुंडाळून ठेवते याचं उत्तर मुलाला आजीसमोरच मिळतं, आणि ही गोष्ट तो प्रदर्शनात नक्की सांगतो. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी हळद. कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवायचं, त्यावर साबणाच्या पाण्याने बोटाने चित्र काढलं की लाल, वर लिंबू पिळलं की परत पिवळं. छोटी मुलं तर जादूगारासारखी करतात ते.

अंड्याचा पण चांगला आहे, साध्या पाण्यात बुडतं आणि मीठ घालत गेलं की वर येतं. शाळेत अंडं चालत नसेल तर बटाट्याची फोड घ्या, तीही तशीच वर येते. इथे एक गंमत सांगते. चौथीतली एक मुलगी, घरी पाचव्या चमच्याला अंडं वर यायचं, वहीत तसंच लिहिलेलं. प्रदर्शनात माझ्यासमोर तिसऱ्याच चमच्याला आलं. तिचा चेहरा पडला, बाई माझं चुकलं. मी म्हटलं चुकलं कसं, अंडं तर तरंगतंय डोळ्यासमोर, काहीतरी वेगळं असेल, काय वेगळं आहे सांग. ग्लास तोच, चमचा तोच, पाणी खुणेपर्यंत. मग म्हणाली, अंडं दुसरं आहे, हे मागच्या आठवड्यातलं आहे, घरातलं फुटलं होतं. बास! अंडं जुनं होत जातं तसं त्याच्या आतलं पाणी कवचातून हळूहळू उडून जातं आणि आतली हवेची जागा वाढते, म्हणून ते हलकं होत जातं. तिला हे माहीत नव्हतं आणि माहीत असायची गरज पण नव्हती, तिने तिथे उभ्या उभ्या शोधून काढलं की वेगळं काय आहे. त्याच प्रदर्शनात शेजारच्या टेबलावर एका मुलाने मला सांगितलं "बिकॉज ऑफ डेन्सिटी", मी विचारलं डेन्सिटी म्हणजे काय रे बाळा, तर तो छताकडे बघायला लागला. "मीठ घातल्यावर पाणी जड झालं" एवढं म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं. घनता हा शब्द पुढे येईलच, कुठे पळून जात नाही.

आता मेणबत्तीच्या प्रयोगाबद्दल जरा जास्त बोलते कारण तो दर वर्षी असतो आणि दर वर्षी चुकीचा सांगितला जातो, मोठी माणसंच तसं शिकवतात. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं. मूल सांगतं, हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, तो जळून गेला म्हणून पाणी एक पंचमांश चढलं. ऐकायला एकदम फिट्ट बसतं, पण नाही तसं. पाचवीतल्या एका मुलाने मला हेच सांगितलं, मी म्हटलं ठीक आहे, आता परत कर आणि मला फक्त एवढं सांग की पाणी मेणबत्ती जळत असताना चढतं की विझल्यावर? आणि ग्लासच्या कडेला काय दिसतं? त्याने केलं, मग अजून एकदा केलं. ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर आले, आणि पाणी मुख्यतः विझल्यावर भसकन वर गेलं. म्हणजे गरम झालेली हवा फुगून बाहेर पडली आणि ज्योत विझल्यावर आतली उरलेली हवा थंड होऊन आकसली, म्हणून बाहेरच्या हवेने पाणी आत ढकललं. ज्योत विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लकच असतो. मग मी त्याला म्हटलं एकाच्या जागी तीन मेणबत्त्या ठेव, ग्लास तोच. पाणी जास्त चढलं. ऑक्सिजन तर तेवढाच होता ना ग्लासात? तो माझ्याकडे बघत म्हणाला, मग मला सांगितलेलं चूक आहे का. मी म्हटलं तूच सांग, तू आत्ता बघितलंस. संध्याकाळपर्यंत तो येणाऱ्या प्रत्येकाला तीन मेणबत्त्या लावून दाखवत होता, चार्टवर मात्र आपलं २१ टक्केच लिहिलेलं, त्यावर त्याने पेनाने काट मारली. मायकेल फॅरेडे या मोठ्या शास्त्रज्ञाने १८६० च्या नाताळात लंडनला मुलांसमोर फक्त मेणबत्ती या एका विषयावर सहा व्याख्यानं दिली होती, तेव्हा साधी वस्तू म्हणून कमी समजू नका.

लिंबाची बॅटरी शक्यतो चौथीला देऊ नका. एका लिंबातून तांबं आणि जस्त लावून साधारण ०.९ व्होल्ट मिळतो, लाल एलईडीला पावणेदोन-दोन लागतो, म्हणजे निदान तीन लिंबं नीट जोडायला लागतात, त्यात एक वायर सुटली की संपलं, आणि मुलं शेवटी "लिंबात वीज असते" असंच सांगतात. वीज जस्त झिजल्यामुळे मिळते, लिंबामुळे नाही, पण हे त्या वयाला हाताने दाखवता येत नाही. आणि घरातल्या प्लगची वीज लागेल असं काहीही नको.

आता बोलण्याकडे येते. पाहुणे आले की गप्प बसतो म्हणालात. एक करा, त्याला "म्हणून दाखव" असं म्हणू नका, तुम्ही प्रश्न विचारा. तू काय केलंस? तुला काय वाटलं होतं? आणि मग काय दिसलं? कुठे फसलं? या क्रमाने कोणीही बोललं की आपोआप गोष्ट तयार होते. एकदा आजोबांनी विचारायचं, एकदा शेजारच्या काकूंनी, एकदा धाकट्या बहिणीने. काकू वेगळ्या शब्दात विचारतील तेच हवंय, म्हणजे त्याचं वाक्य दर वेळी थोडं बदलेल, आणि बदललेलं वाक्य कधी विसरत नाही, पाठ केलेलं विसरतं. काही प्रश्न मुद्दाम वेडेवाकडे विचारा, मूग रविवारी पण उगवतात का, असले. हसेल, पण मोकळा होईल.

भाषा कुठली? शाळेची सक्ती नसेल तर घरी बोलता तीच. आमच्याकडे मुलं "इस्कटलं", "लई फुगलं", "पार मऊ पडलं" असं बोलतात आणि ते निरीक्षण म्हणून अचूक असतं. सक्तीच असेल तर पहिली दोन वाक्यं इंग्लिशमध्ये बसवा, आणि प्रश्न आला की मी मराठीत सांगू का असं विचारायला शिकवा. मी तरी आजपर्यंत कोणाला नाही म्हटलेलं नाही, बाकीचे परीक्षक पण म्हणत नाहीत.

सुरुवात लांबण लावू नका. प्रदर्शन विज्ञान दिनाला असलं की तर विचारू नका, प्रत्येक टेबलावर आधी सी. व्ही. रामन यांचं चरित्र, २८ फेब्रुवारी १९२८, रामन परिणाम, १९८७ पासून विज्ञान दिन, आणि मग मूग. सगळं खरं आहे हो, पण नमनाला घडाभर तेल, तोवर मुलाचा दम संपतो आणि बघणारा पुढच्या टेबलावर. त्यापेक्षा पाहुण्यालाच प्रश्न टाकायचा, काका तुम्हाला काय वाटतं, अंधारातले मोठे होतील की उजेडातले? काका चुकतात. मग पोराला जो आनंद होतो!

हात रिकामे ठेवू नका त्याचे. हातात काहीतरी असलं, फुगा, दोरा, चमचा, की अर्धी भीती जाते. टेबलाच्या मागे नाही, बाजूला उभं राहायचं, म्हणजे माणसाशी बोलल्यासारखं होतं. दोघांचा ग्रुप असेल तर एकाने करायचं आणि दुसऱ्याने बोलायचं, आणि तासाभराने अदलाबदल, नाहीतर एक जण दिवसभर नुसता ग्लास धुतो. आणि न आलेल्या प्रश्नाला "मला माहीत नाही, पण मी करून बघीन" हे उत्तर त्याला आवर्जून सांगून ठेवा की हे चालतं. मुलांना वाटतं माहीत नाही म्हटलं की मार्क गेले. माझ्याकडे तरी जात नाहीत, उगाच ठोकून दिलं की जातात.

तुम्ही त्या दिवशी लांब थांबा. खरंच. मी मुलाला प्रश्न विचारते आणि उत्तर मागून वडिलांचं येतं असं दर वर्षी होतं, एकदा तर मी सरळ म्हटलं, बाबा, तुम्ही जरा चहा घेऊन या, पोरगं बोलतंय. आणि घरी आल्यावर नंबर आला का हे पहिलं विचारू नका, कोणी काय विचारलं ते विचारा. तिसरी-चौथीला नंबर काढूच नयेत असं माझं मत आहे, शाळेत बोलून बघा, मी बोलते पण ऐकत नाही कोणी. सरकारी तालुका-जिल्ह्याची प्रदर्शनं सहावीपासून पुढच्यांना असतात, केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत मुलांच्या निवडलेल्या कल्पनांना मिळणारे दहा हजार रुपये पण सहावीपासूनच, तेव्हा चौथीत कुठे धावायची घाई नाहीये.

पिशवीत एक जुनं फडकं, सेलोटेप, कात्री, चार जास्तीचे फुगे, पाण्याची वेगळी बाटली आणि वही टाका. मंडपात पंखे असतात, मेणबत्ती टिकत नाही, पुठ्ठ्याचा आडोसा न्या. मूग करायचे ठरले तर आठवडाभर लागेल आणि थंडीत एखादा दिवस जास्तच, तेव्हा आजच रात्री भिजत घाला. मोजून वीस नका घेऊ, पंचवीस-तीस घ्या, दोन-चार कडक राहतातच आणि ते कडक राहिलेले पण टाकू नका, वेगळ्या झाकणात ठेवा, कोणीतरी नक्की विचारेल हे का नाही उगवले.